सरासरीचा सदरा

जर्मनीत बायकांच्या कपड्यांचा एक नेहमीचा नंबर आहे ३८. अंगाने तेवढीच पण उंचीला कमी असलेल्या बाईने त्याच मापाचा कपडा मागताना १९ म्हणायचं, उंच असेल तर ७६. म्हणजे उंची कमी तर आकडा निम्मा, जास्त तर दुप्पट. पुरुषांच्या कोटातही ५० चा आखूड नंबर २५. पद्धत हिशेबी आहे, पण चाकणच्या कारखान्यातून वर्ष-सहा महिन्यांसाठी वोल्फ्सबुर्गला किंवा श्टुटगार्टला पाठवलेल्या इंजिनिअरला ती कोणी सांगत नाही. व्हिसा, विमा, फॉरेक्स कार्ड, भाजणीचं पीठ, प्रेशर कुकरची जादा रिंग अशी सगळी यादी त्याला आधी जाऊन आलेल्यांकडून मिळते. कपड्यांबद्दल एवढंच कानावर येतं, की थंडीचे तिकडेच घे, इकडचे चालत नाहीत.

तो तिकडे घ्यायला जातो. छातीला बरोबर बसलेल्या कोटाच्या बाह्या बोटांच्या पेरांवर येतात. जीन्सवर दोन आकडे असतात, कंबर आणि लांबी. ३२ कंबरेच्या जीन्स ३२ आणि ३४ लांबीत ढिगाने, ३० च्या दोन-चार, आणि त्याला हवी असते २८. दुकानातली मुलगी अदबीने सांगते, ऑनलाइन बघा. शेवटी कुणीतरी जुना जाणता त्याला लहान मुलांच्या विभागात पाठवतो. तिथले नंबर म्हणजे थेट सेंटिमीटरमधली उंची असते : १५८, १६४, १७०, १७६. त्याला १६४ नंबरचं जॅकेट चपखल बसतं आणि मोठ्यांच्या जॅकेटपेक्षा स्वस्तही पडतं. छातीवर डायनासोर नसलेलं सापडलं, की झालं. (इंग्लंडमध्ये तर लहान मुलांच्या कपड्यांवर व्हॅट नाही. बुटक्या माणसाला सरकारने दिलेली ही बहुधा एकमेव सवलत.) इकडे चाळीस माणसांची लाइन चालवणारा हा गृहस्थ तिकडे दहावीतल्या पोराच्या बुटात पाय घालून शॉपफ्लोअरवर उभा राहतो, आणि परतल्यावर हा किस्सा हसत हसत सांगतो. किस्सा संपला की कुणीतरी म्हणतं, 'अरे, आपली माणसंच बुटकी.'

हे स्पष्टीकरण मला आळशी वाटतं. उंचीतला फरक खरा आहे. भारतीय पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटिमीटरच्या आसपास, जर्मन पुरुषाची १८० च्या जवळ. पण नुसती उंचीच आडवी येत असती, तर खालून चार बोटं कापून काम भागलं असतं. कापलेली पँट गुडघ्याच्या जागी फुगते. बाही आखूड करून घेतलेल्या कोटाचा मुंढा काखेत लोंबतच राहतो. अडचण कपडा बेतण्याच्या पद्धतीत आहे.

कंपनी प्रत्येक मापासाठी नवा कपडा बेतत नाही. मधलं एक माप धरून, त्या मापाच्या जिवंत माणसाला उभं करून त्याच्यावर नमुना बसवला जातो. मग तो कागदी नमुना ठरलेल्या पायऱ्यांनी वाढवत आणि घटवत नेतात : छातीला इतके सेंटिमीटर, मुंढ्याला इतके, बाहीला इतके. धंद्यात याला ग्रेडिंग म्हणतात. या पायऱ्यांमध्ये एक समजूत शिवलेली असते, की माणूस रुंद होतो तेव्हा त्याच प्रमाणात लांबही होतो. त्यामुळे पोट सुटलेला, खांद्याने भरलेला, पाच फूट चार इंचांचा माणूस पोटासाठी मोठा नंबर घेतो, तेव्हा त्याला एका धिप्पाड अनोळखी माणसाच्या बाह्या आणि पाय फुकट मिळतात. पोट आपलं, हात दुसऱ्याचे.

दुसरं कारण दुकानदाराचं. तो सगळी मापं सारख्या संख्येने मागवत नाही. मधल्या मापांचे भरपूर नग, दोन्ही टोकांना एक-एक. त्याच्या गिऱ्हाइकांचा जो मध्य असेल तिथे माल दाटतो. आता एक आकडा पाहा. मोटारींच्या धडक चाचणीत सीटवर बाहुले बसवतात. त्यातलं सर्वाधिक वापरलं जाणारं, जनरल मोटर्सने १९७६ मध्ये तयार केलेलं हायब्रिड-३ हे मध्यम अमेरिकी पुरुषाचं : उंची १७५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७८ किलो. याच घराण्यात एक स्त्रीचं बाहुलं आहे. ते मध्यम स्त्रीचं नाही. शंभरातल्या जेमतेम पाच अमेरिकी बायका जिच्यापेक्षा लहान भरतील, अशा लहान चणीच्या बाईचं ते आहे, आणि त्याची उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. भारतीय स्त्रीची सरासरी उंचीही जवळजवळ तेवढीच आहे. तिकडचा काठ तो इकडचा मध्य. आपल्या आत्या, मावश्या, शेजारणी ज्या मापात सुखाने मावतात, ते माप तिकडच्या दुकानात टोकाला टांगलेला एकुलता एक नग असतो, आणि तो सकाळीच कुणीतरी नेलेला असतो.

बाहुल्याचा विषय मुद्दाम काढला, कारण तो चाकणच्या ओळखीचा आहे. फोक्सवॅगनचा कारखाना इथे २००९ मध्ये सुरू झाला. मर्सिडीझ त्याच वर्षी पिंपरीतली टेल्कोच्या आवारातली जागा सोडून इकडे आली. बजाज त्याआधीपासून आहे, महिंद्रा नंतर आली, आणि वाहनांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेचंही एक केंद्र चाकणला आहे. माणसाचं शरीर आणि यंत्र यांचं जमवायचं कसं, हे या पट्ट्याला कुणी शिकवायला नको. इथून निघणाऱ्या गाडीत बसा. सीट पुढे-मागे सरकते, पाठ तिरपी होते, स्टिअरिंग वर-खाली होतं, बऱ्याच गाड्यांत खांद्याशी असलेली पट्ट्याची कडीही सरकवता येते. लहान चणीच्या बाईपासून आडदांड पुरुषापर्यंत सगळ्यांचे हातपाय पोचले पाहिजेत, हा मोटार बेतणाऱ्यांचा पहिला धडा.

हा धडा विमानांतून आला. १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाने चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली, कारण १९२० च्या दशकातल्या सरासरीवर बेतलेल्या कॉकपिटमध्ये नवे वैमानिक नीट बसत नाहीत, अशी शंका होती. गिल्बर्ट डॅनिअल्स नावाच्या तरुण संशोधकाने त्यातली दहा मापं घेतली, प्रत्येकाच्या सरासरीच्या आजूबाजूला सढळ पट्टा आखला, आणि ४०६३ जणांपैकी किती जण दहाही मापांत त्या पट्ट्यात येतात ते मोजलं. एकही आला नाही. कुणाचे हात लांब तर पाय आखूड, कुणाची छाती भरलेली पण कंबर बारीक. सरासरी वैमानिकासाठी केलेली खुर्ची कुणासाठीच नव्हती. मग हवाई दलाने कंपन्यांना सांगितलं, खुर्ची सरकती करा. कंपन्या आधी कुरकुरल्या, मग केली.

मोटारीत हे आपण पूर्ण पचवलं. आता त्याच गाडीचे बोल्ट आवळणाऱ्या माणसाच्या अंगावर काय आहे ते बघू.

चाकण, खराबवाडी, निघोजे, महाळुंगे, कुरुळी इथल्या खोल्यांमध्ये राहणारा कंत्राटी कामगार बुलढाण्याहून, नांदेडहून, बिहारमधून, ओडिशातून आलेला असतो. पासपोर्ट नसला, तरी त्याच्या लेखी हाही परदेशच. कामाच्या पहिल्या दिवशी त्याला दोन शर्ट, दोन पँटी, सेफ्टी शूज आणि टोपी मिळते. माप विचारतात ते एका अक्षराचं : एस, एम, एल, एक्सएल. बऱ्याच ठिकाणी तेही विचारत नाहीत, गठ्ठ्यात जे उरलं असेल ते देतात. आधीचा माणूस तीन महिन्यांत सोडून गेलेला असेल, तर त्याचा धुतलेला शर्टही येतो. नव्या पोराने तक्रार केली तर सुपरवायझर म्हणतो, 'घाल रे, लग्नाला जायचंय का?' मग तो पगार झाल्यावर बाजारात जातो. रेडीमेडच्या दुकानाबाहेर मशीन मांडून बसलेला कारागीर पँटची लांबी कमी करतो, कंबर आत घेतो. म्हणजे कंपनीच्या कपड्याचं शेवटचं काम कामगाराच्या पैशाने होतं. बुटाला तोही उपाय नाही. एक नंबर मोठा सेफ्टी शू दोन जोड मोज्यांवर चालवायचा, आणि आठ तासांनी टाचेला फोड आला तर तो आपला.

गणवेशाच्या ठेकेदाराचं हे एकगठ्ठा माप फार जुनं आहे. बेल्जियमचे आडोल्फ केटले यांनी 'सरासरी माणूस' ही कल्पना जगाला दिली, आणि १८४६ च्या आपल्या पुस्तकात तिच्या पुष्ट्यर्थ ५७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं मांडली. सरासरी निघाली पावणेचाळीस इंचांच्या थोडी वर. केटलेंना वाटलं, निसर्ग एकच आदर्श माणूस घडवू पाहतो आणि प्रत्यक्ष माणसं म्हणजे त्या प्रयत्नातल्या किरकोळ चुका. ही मापं त्यांनी १८१७ च्या एका वैद्यकीय नियतकालिकातून उचलली होती, आणि तिथे ती आली होती लष्कराला माल पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडून. सामाजिक शास्त्रांनी पुढे शंभर वर्षं ज्याच्याशी आपल्याला ताडून पाहिलं, तो माणूस एका कंत्राटदाराच्या कोष्टकातून उठून आला. मला यात नवल वाटत नाही. माणसांचा आकडा कळल्यावर त्यांना एकगठ्ठा कपडे घालायची इच्छा सर्वांत आधी लष्कराला आणि कारखान्याला होते.

आपल्या कायद्याने या बाबतीत एक गोष्ट अगदी सरळ सांगितली होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २२ व्या कलमात म्हटलं होतं, की चालू यंत्राच्या जवळ जाऊन काम करायचं असेल तर खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुषाने अंगाबरोबर बसणारे कपडे घालूनच ते करावं, आणि ते कपडे मालकाने पुरवावेत. कारण उघड आहे. लोंबणारी बाही पट्ट्यात जाते, मग हात जातो. अंगाबरोबर बसणं ही सुरक्षेची अट होती, हौस नव्हे. पण कायद्याने कुणाच्या अंगाबरोबर ते गृहीत धरलं होतं, हेही त्याच वाक्यात आहे : प्रौढ पुरुष. त्याच कलमात बायकांना चालत्या यंत्राचे काही भाग साफ करायला किंवा त्यांना वंगण घालायला मनाई होती. जिला यंत्राजवळ जायचंच नाही, तिच्या मापाचा विचार कोण करणार?

आता बायका यंत्राजवळ आहेत. २०१६ मध्ये बाजारात आलेली बजाजची डॉमिनार चाकणला महिलांच्या लाइनवर जुळवली जात होती, टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यातही गाड्यांची एक लाइन बायकाच चालवतात. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेल्या, कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या मुली हे पिंपरी-चिंचवडच्या पहाटेचं नेहमीचं दृश्य झालंय. मोठ्या कंपन्या त्यांच्यासाठी वेगळे गणवेश करतात. छोट्या व्हेंडरांकडे, जिथे कोपऱ्यातल्या शेडमध्ये पंधरा मुली वायरिंग हार्नेस गुंफत असतात, तिथे 'लेडीज' म्हणजे पुरुषांचा एस. हातमोज्यांची बोटं अर्धा इंच पुढे रिकामी. पकड सुटते, म्हणून त्या मोजे काढून काम करतात, आणि मग 'मुली सुरक्षेचे नियम पाळत नाहीत' अशी नोंद होते.

हे फक्त चाकणच्या शेडमध्ये घडतं असं नाही. मार्च २०१९ मध्ये नासाने दोन महिला अंतराळवीरांचा पहिला अंतराळफेरा जाहीर केला आणि ऐन वेळी जोडी बदलली. दोघींनाही अंतराळ पोशाखाचं मध्यम मापाचं धड लागत होतं, आणि अंतराळ स्थानकावर तसं वापरायला तयार असलेलं एकच होतं. फेरा झाला ऑक्टोबरात.

मापं कोणाची घेतली जातात, यावरून बाजाराने कुणाला माणसात धरलंय ते कळतं. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सरकारी खात्याने सुमारे १५ हजार बायकांना मोजलं, प्रत्येकीची ५९ मापं घेतली, आणि निष्कर्षात धरल्या त्या फक्त गोऱ्या. पुढे अमेरिकी बायकांच्या कपड्यांचं प्रमाण माप या कामावर उभं राहिलं. दक्षिण कोरियाने १९७९ पासून आपल्या लोकांची मापं राष्ट्रीय पातळीवर घ्यायला सुरुवात केली. तिथला बायकांचा जुना ५५ नंबर म्हणजे १५५ सेंटिमीटर उंची आणि ८५ सेंटिमीटर छाती, दोन्हींचे शेवटचे आकडे जोडून केलेला. सरकारी पद्धत बदलली तरी कोरियन बायका अजून ५५, ६६ असंच बोलतात. सोलला कामानिमित्त गेलेल्या मराठी मुलीची तिथे उलटी पंचाईत होते. उंचीला सगळं जमतं, पण 'फ्री साइज' लिहिलेला कपडा दंडात अडकतो. ज्या देशाने स्वतःला नीट मोजलं त्याचे कपडे त्याच्याच लोकांना बसणार, हा त्यांचा दोष नाही. आपण ज्या बाजारात कपडे घेतो त्याने आपल्याला मोजलंच नव्हतं, ही आपली अडचण.

आपल्याला मोजायची गरज पडली नाही, कारण शिंपी होता. परदेशातल्या मराठी घरात कपड्यांच्या टंचाईपेक्षा शिंप्याची टंचाई मोठी असते. जर्मन शहरांत कपडे दुरुस्त करून देणारी दुकानं आहेत, अनेक ठिकाणी तुर्की मंडळींची. पण पँट खालून आखूड करायचे दहा-पंधरा युरो ऐकून माणूस ती आतून दुमडून सेफ्टी पिना लावतो. ब्लाउजचं तर बोलायलाच नको. साडी कुणालाही होते, ब्लाउज होत नाही. म्हणून कुणी पुण्याला निघालं की त्याच्या बॅगेत एक कापड आणि एक मापाचं ब्लाउज सरकवलं जातं, सोबत चिठ्ठी : 'बाही याच्यापेक्षा बोटभर लांब, गळा मागून खोल नको, माया भरपूर ठेवा.' ते महिनाभर पिंपरीच्या एखाद्या टेलरकडे पडून राहतं, 'उद्या या' ऐकत एखाद्या सासूबाई तिथे हेलपाटे घालतात, आणि तयार झालेलं ब्लाउज पुढच्या येणाऱ्याची वाट बघतं. तोवर तिकडे ती जाड झालेली असते. तेवढ्यासाठीच माया.

शिंप्याचं कौतुक करताना हात थोडा आखडता घेतलेला बरा. त्याने अंगाला साजेसा कपडा दिला, पण ज्याच्याकडे शिवायला पैसे होते त्यालाच. बाकीच्यांनी थोरल्या भावाचे उतरलेले कपडे घातले. अनोळखी पुरुषाकडून माप घेऊन घेताना बायकांना किती अवघडायचं, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. जुन्या गावात कोण कोणाचं माप घेईल यालाही जातीची बंधनं होती. रेडीमेडच्या दुकानात आकडा सांगितला की कपडा मिळतो, नाव-गाव कुणी विचारत नाही. ही सुटका लहान नाही. तयार कपड्यांना नाकं मुरडणाऱ्यांत बहुतेक वेळा तीच मंडळी असतात ज्यांना ते नेहमीच बसत आले.

या सगळ्याच्या आधी एक वाट होती, न शिवलेल्या कपड्याची. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या तेव्हा तिकडचा पोशाख करायचा नाही हे ठरवून गेल्या. मापाचा प्रश्नच नव्हता, पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली थंडी त्यांना सोसेना. म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातलं १८८५ चं छायाचित्र प्रसिद्ध आहे : साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाच्या पोशाखातल्या साबात इस्लामबूली. आपण त्यात तिघींचं धाडस बघतो, ते आहेच. माझं लक्ष मात्र आनंदीबाईंनी कापड तेच ठेवून नेसण बदलली याकडे जातं. हवाई दलाच्या सरकत्या खुर्चीला अजून पासष्ट वर्षं अवकाश होता.

चाकणच्या बाबतीत याचं उलटं चित्रही आहे. जर्मनीहून इकडे दोन-तीन वर्षांसाठी येणारा साहेब बाणेर-औंधकडे राहतो. त्याला ४७ नंबरचा बूट पुण्यात सहजी मिळत नाही, शर्टाच्या बाह्या मनगटाच्या वर संपतात. तिकडे जे आपल्या इंजिनिअरचं होतं तेच त्याचं इथे. फरक एवढाच, की महिन्याभरात कुणीतरी त्याला टेलरकडे नेतं. तो आपला आवडता शर्ट पुढे ठेवतो, टेलर म्हणतो, 'सेम टू सेम करून देतो', आणि तो एकदम सहा शिवून घेतो. तिकडे त्याला शिवलेला शर्ट परवडला नसता. मायदेशी गेल्यावर तो सहकाऱ्यांना सांगतो, भारतात कपडे अंगाबरोबर मिळतात. त्याच्याच लाइनवर दुमडलेल्या बाह्यांनी उभ्या असलेल्या पोराला हे ऐकून मौज वाटेल.

अलीकडे भारतानेही स्वतःला मोजायला घेतलं. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने निफ्ट या संस्थेने इंडियासाइज हा प्रकल्प हाती घेतला. १५ ते ६५ वयाच्या २५ हजार लोकांची मापं थ्री-डी स्कॅनरने घ्यायची आणि त्यावरून आपला स्वतःचा तक्ता करायचा. अहमदाबादच्या एनआयडीने देबकुमार चक्रवर्तींचा भारतीय देहमापांवरचा मोठा ग्रंथ १९९७ मध्येच काढला होता. यंत्रं आणि फर्निचर बेतणारे तो वापरतात, कपडेवाल्यांना उशिरा जाग आली. तक्ता आला तर 'यूके १०, यूएस ६' असल्या आकड्यांच्या जंजाळातून सुटका होईल, ऑनलाइन मागवलेले कपडे परत करण्याचा उद्योगही थोडा कमी होईल. पण भारताचा मध्य सापडला की भारताचा काठही तयार होतो. मेळघाटातून आलेली साडेचार फुटी मुलगी आणि हरियाणातून आलेला सहा फुटी वेल्डर चाकणच्या एकाच शेडमध्ये काम करतात. त्या दोघांच्या मधोमध काढलेला सदरा दोघांनाही होणार नाही, हे डॅनिअल्सने दाखवून झालंय.

त्यावरचे उपाय साधे आणि जुने आहेत. कमरेला मागे इलॅस्टिक किंवा नाडी, मोहरीला चार बोटं माया, मनगटाला दोन बटणांच्या जागा, आणि छाती व उंची यांचे दोन वेगळे नंबर. जर्मनांचा १९-३८-७६ हा याच जातीचा शहाणपणा आहे. गणवेश पुरवणाऱ्या एका ठेकेदाराला मी विचारलं, की हे का करत नाही. तो म्हणाला, 'साहेब, सांगितलं तर करतो की. दोन नंबर ठेवायचे तर स्टॉक दुप्पट, नगामागे रेट वाढतो. गेटवर दिवसभर टेलर बसवून मापं घ्यायची तरी माझी तयारी आहे. पण टेंडरमध्ये कापडाचं वजन असतं, रंगाचा शेड नंबर असतो, छातीवरच्या लोगोची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये असते. माणसाच्या मापाचा रकानाच नसतो.'